तिसरा ठोका

चामलीदेरे, १२ ऑगस्ट १९८७

पेरिहान,

तू पाठवलेलं फुलाफुलांचं कापड मिळालं. सुरेख आहे. घालून मिरवू कोणापुढे, गाईपुढे? तरी शिवणार आहे. हट्टाने शिवणार आहे.

बातमी तुला कळलीच असेल. चामलीदेरेत कोणी शिंकलं तर इस्तंबूलच्या तुमच्या गल्लीत रुमाल निघतात. तर आता माझ्या तोंडून ऐक. मी अख्ख्या गावाशी अबोला धरलाय. समोरच्या डोंगरावरून कोणी शीळ घालून बोलावलं तर मी उत्तर देत नाही. गावचा कारभार बघणाऱ्या मुख्ताराने घातली तरी नाही. "नाझमिये, भाकरी झाली का?" नाही. "नाझमिये, गाय आमच्या मक्यात शिरली!" शिरू दे. तुला इथली रीत ठाऊक आहे, दरीपलीकडचं सगळं बोलणं शिळेतच, आणि शीळ ऐकून गप्प बसणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. मग आपटलं दार. माझंच दार आहे ना?

कारण विचारशील. कारण मकबूले, दुसरं कोण असणार! मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून ती बया दरीपलीकडून मला शिळेत शिव्या घालतेय. माझा दुर्सुन तिला तिच्या लेकीसाठी हवा होता, हे तिच्या पोटातून काही गेलं नाही. दुर्सुन गेला, लेक जर्मनीत चार पोरांची आई झाली, तरी हिचं आपलं चालूच. दुर्सुनमागे दरीवरच्या तारेवरून पोत्यांचा पाळणा ओढायचं चाक माझ्या हातात आलं. पलीकडे मकबूले पाळण्यात पोती भरते आणि शीळ घालते, ओढ म्हणाली की मी चाक फिरवायचं, थांब म्हणाली की थांबायचं. इतकी वर्षं दोघी एका तारेला बांधलेल्या आहोत, काय नशीब बघ.

तर गेल्या आठवड्यात ती म्हणे थांब म्हणाली आणि मी थांबले नाही. पाळणा खांबावर आपटला आणि तिचे हेझलनट दरीत. आता सगळे म्हणतात, नाझमियेने मुद्दाम केलं. म्हणू देत. मी नाही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

बाकी ठीक. तोंड आलंय, पण ते काय, दर दोन महिन्यांनी येतंच. यंदा रातकिडेसुद्धा मुके झालेत, बहुतेक बागांवर मारलेल्या औषधाने. उलट माझ्या डोक्यात सारखी चहाची किटली उकळत असते. मकबूलेच्या रागाने, आणखी कशाने!

तुझी नाझमिये

*

इस्तंबूल, २५ ऑगस्ट १९८७

नाझमिये,

तुला लाज आहे का? पिशवीतून सांडलेला एक हेझलनट उचलायला गुडघ्यावर बसणारी तू, आणि दुसऱ्याचं वर्षाचं पीक दरीत लोटतेस? मकबूले काकू तोंडाची फाटकी आहे, मान्य. पण दुर्सुन आजारी असताना रोज भरलेला डबा पाळण्यात ठेवून पाठवणारी तीच होती ना? "मेल्यांनो, उपाशी मरू नका, मग मी शिव्या कोणाला घालू" असं म्हणत पाठवायची, पण पाठवायची.

माझी मावसबहीण सेहेर परवाच गावाहून आली. ती काय काय सांगतेय! तू लग्नात सगळ्यांकडे पाठ करून बसलीस म्हणे. हाक मारली तरी वळली नाहीस. उतारावरून भिंत धरून चालतेस आणि लोक म्हणतात, नाझमिये घरात चोरून घेते. मी सेहेरला म्हटलं, नाझमियेने घेतली असती तर चोरून नसती घेतली, चौकात बसून घेतली असती.

अगं, जा आणि दोन गोड शब्द बोल. नुसतं "काकू, झालं गेलं" एवढं शीळ घालून सांग. तोंडातले दात पडणार नाहीत.

आणि रातकिडे मुके काय, काहीतरीच! सेहेर म्हणते, त्या किड्यांनी किरकिर करून तिला आठवडाभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. माझ्या रिफ्कीने शिवणयंत्राला नवी मोटर बसवून दिली आहे, तिचा आवाज थेट तसाच येतो, म्हणून मला आता गावाची आठवण येत नाही.

तुझी पेरिहान

*

चामलीदेरे, ४ सप्टेंबर १९८७

पेरिहान,

तुझं पत्र वाचलं. लाजेबद्दल लिहिलंस तिथे मी चिडले, दारूबद्दल लिहिलंस तिथे हसले. मग रातकिड्यांचं वाचलं आणि मी होते तिथे पायरीवर बसले.

संध्याकाळी शेजारच्या पोरीला विचारलं, काय गं, रातकिडे ओरडतायत का? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, नाझमिये आत्या, ओरडतायत म्हणजे काय, कान किटले. मी झाडाच्या खोडाला कान लावून उभी राहिले. काही नाही. नुसती डोक्यातली किटली.

म्हणजे मला ऐकू येत नाही, पेरिहान. माणूस समोर उभा राहून बोलला तर बरंच कळतं, पुरुषांचं जास्त कळतं. पण शीळ नाही. दरीपलीकडून येणारी एकही शीळ नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी उठले तर घर गरगर फिरत होतं, गाईच्या गोठ्यापर्यंत रांगत गेले. दोन दिवसांनी फिरणं कमी झालं आणि डावा कान बंद. मग हळूहळू उजवा. आरोग्यकेंद्रातल्या माणसाने मळ आहे म्हणून थेंब दिले. मी कांद्याचा रस घातला, हेझलनटचं तेल घातलं. कान कोशिंबिरीसारखा वास मारायला लागला, बाकी काही नाही.

आणि लोकांनी शिळा घातल्या, मी उत्तर दिलं नाही, तर लोकांनीच म्हटलं की हिने अबोला धरला. मला ते बरं वाटलं. चामलीदेरेत भांडकुदळ बाई चालते, बहिरी चालत नाही. भांडकुदळ बाईला लोक टरकतात. बहिरीला लोक हात धरून खुर्चीत बसवतात आणि तिच्या देखत तिच्याबद्दल बोलतात. पोतीसुद्धा मी मुद्दाम पाडली असंच राहू दे. मुख्तार आधीच चाकाचा दांडा आपल्या जावयाला द्यायला टपलाय. नाझमिये बहिरी आहे एवढं कळलं की त्याच दिवशी देईल. ते चाक दुर्सुनने बसवलंय. ते गेलं तर मी या डोंगरावर कोण? गाय पाळणारी एक विधवा.

म्हणून सांगते, कोणाला बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही. डॉक्टरकडे जा वगैरे लिहू नकोस, मी जाणार नाही. आता तर उजवा डोळाही लाल होऊन ठणकतोय आणि नडगीवर गाठी आल्यात, हात लावू देत नाहीत. सगळं एकदमच आलंय माझ्या डोक्यावर मिरे वाटायला.

नाझमिये

*

इस्तंबूल, ११ सप्टेंबर १९८७

नाझमिये,

कोणाला बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले. घाल काय घालायच्या त्या शिव्या.

गावच्या कोणाला नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नुरी नावाचा माणूस राहतो. त्याचं तोंड असंच यायचं, डोळे लाल व्हायचे. तो वर्षानुवर्षं "उन्हाने, धुळीने" करत बसला आणि आता त्याची बायको त्याला जिन्यावरून हात धरून उतरवते. तुझ्या पत्रात लाल डोळ्याचं वाचलं आणि हातातली कात्री बाजूला ठेवली. तशीच उठले, नुरीला बघणाऱ्या डॉक्टरीण बाईंकडे गेले, तुझं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, तोंड किती वर्षांपासून येतं? मी म्हटलं, शाळेत होतो तेव्हापासून. हिला लाजेच्या जागीही फोड येतात का? मी म्हटलं, बाई, ती मला तेही सांगते. त्या म्हणाल्या, मग तुमच्या मैत्रिणीच्या कानात मळबिळ काही नाही. हा रक्तवाहिन्यांचा आजार वाटतो. शरीराचे राखणदार स्वतःच्याच नसांना चोर समजून झोडपतात आणि त्या नसा सुजतात. तोंडात, डोळ्यात, पायात, आणि कधी कधी कानाच्या अगदी आत. आपल्या देशात हा आजार पुष्कळ आहे, पण कानापर्यंत गेलेला पटकन कोणाच्या लक्षात येत नाही.

मी विचारलं, औषधाने कान परत येईल? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, गेलेलं सगळं येईलच असं नाही, उशीर झालाय. पण उरलेला कान आणि दोन्ही डोळे वाचवायचे असतील तर आज नाही, काल जायला हवं होतं.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. त्राबझोनच्या मोठ्या इस्पितळात जा. चाकाचं, मुख्ताराचं, मकबूलेचं मला काही सांगू नकोस. डोळे गेले तर अबोला कोणाशी धरलाय हे तरी दिसेल का तुला? तू गेली नाहीस तर मी पहिल्या बसने येते आणि दरीच्या काठावर उभी राहून सगळ्या गावाला शिळेत सांगते. मला अजून येते. विसरले नाही.

पेरिहान

*

त्राबझोन, २ ऑक्टोबर १९८७

पेरिहान,

तू चुगलखोर आहेस आणि मी इस्पितळात आहे.

गावात सांगितलं, दात काढायला चालले. गाय शेजारणीकडे ठेवली. इथे खाटेवर पडून पडून पाठ चपटी झाली. गोळ्यांनी तोंड भोपळ्याएवढं सुजलंय, भूक अशी लागते की शेजारच्या बाईचा पावही माझाच वाटतो.

पहिल्या दिवशी त्यांनी हातावर नुसती सुई टोचली. औषध नाही, काही नाही, कोरडी सुई. म्हटलं, ही काय थट्टा? दुसऱ्या दिवशी तिथे पुवाचा फोड! डॉक्टर नेजदेत खूश झाले. माझ्या हाताला फोड आणि यांना आनंद! म्हणाले, तुमचे राखणदार सुईच्या टोचणीलाही युद्ध समजतात, म्हणजे आजार तोच.

मग गादीच्या भिंतींच्या खोलीत बसवलं, कानाला डबडी लावली, आवाज आला की बटण दाबा. जाडे आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलं. डॉक्टरांनी तोच आवाज मोठा करून खोलीत सोडला. तिथली नर्स कानावर हात ठेवून पळाली आणि मी तशीच उभी. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यात पाणी आलं. डॉक्टरांसमोर रडले याचा अजून राग येतोय.

त्यांचा आवाज घोगरा आहे, म्हणून मला सगळं कळतं. त्यांनी कागदावर गोगलगाय काढली. कानाच्या आत अशी गोगलगाय असते म्हणे, आणि तिला रक्त नेणारी केसाएवढी एकच वाट. दुसरी वाटच नाही. मी म्हटलं, म्हणजे आमच्या वस्तीचा रस्ता. दरड कोसळली की वर पीठ नाही, मीठ नाही. ते म्हणाले, अगदी तेच. तुमच्या त्या वाटेची भिंत सुजली आणि वाट बुजली. बारीक, उंच आवाज गोगलगाईच्या दाराशीच राहतात, बहुतेक वेळा तेच आधी उपाशी मरतात. शेजारीच तोल सांभाळणारी जागा आहे, ती पण त्याच वाटेवर जगते, म्हणून घर फिरलं.

मी विचारलं, शीळ कुठे राहते? ते म्हणाले, नेमकी त्या उंच सुरांत. आमचीच बोली बरी सापडली यांना! जगातले सगळे आवाज सोडून.

डावा कान गेला तो गेला. उजव्यात थोडं परत आलंय, काल चमचा बशीवर पडलेला ऐकला. डोळा निवळला. गोळ्या आता जन्माच्या. डॉक्टर म्हणाले, डोंगरावरचं काम सोडा, सपाटीवर कोणाकडे राहा. मी म्हटलं, साहेब, मला सपाटीवर चक्कर येते. ते हसले नाहीत. मी गंभीरपणेच बोलत होते.

नाझमिये

*

इस्तंबूल, १२ ऑक्टोबर १९८७

नाझमिये,

चमच्याचं वाचून मी रिफ्कीला मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

आता नीट ऐक आणि लगेच फणा काढू नकोस. डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. आमच्या मागच्या खोलीत मी खाट लावून ठेवली आहे, नवीन पडदेही शिवले. गाय विकून टाक, दांडा दे त्या जावयाच्या हातात आणि ये. इथे कोणी शीळ घालत नाही. इथे शेजारी शेजाऱ्याला उत्तर देत नाही आणि कोणाला राग येत नाही. तू बहिरी आहेस हे इथे कोणाला कळायचंसुद्धा नाही. शिवणयंत्रापाशी दोघी बसू. तुला दया म्हणून बोलवत नाहीये, मला तू हवी आहेस.

होय म्हण. रिफ्की बस स्टँडवर येईल.

पेरिहान

*

चामलीदेरे, ८ नोव्हेंबर १९८७

पेरिहान,

रिफ्कीला म्हणावं, स्टँडवर जाऊ नको.

रागावू नकोस. पडद्यांचं वाचून मी खरंच पिशवी काढली होती. मग तुझं ते वाक्य पुन्हा वाचलं, "कोणाला कळायचंसुद्धा नाही". म्हणजे तिथेही लपायचंच! लपून तर मी इथे अर्धं वर्ष काढलं आणि त्यापायी उजवा कानही अर्धा घालवला. थेंब चुकीचे होते, पण तोंड मीच बंद ठेवलं होतं ना? पुरे झालं.

गावी परतले तर चाकाला कुलूप. मुख्तार समोरच उभा, ओठ हलवत काहीतरी गोड बोलत. दाताचं विचारत असावा. म्हटलं, मोठ्याने बोल, माझे कान गेलेत. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हटलं, आणि किल्ली दे. तो म्हणाला, हे मी ऐकलं, खणखणीत ऐकलं, "नाझमिये, बहिऱ्या माणसाला तार कशी देणार? उद्या पाळण्यात पोतं नसेल, कोणाचं लेकरू असेल." पेरिहान, त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हेच तर झोंबलं.

पण मकबूलेला खरं सांगायचं उरलं होतं. मी काठावरच्या खडकावर चढले. तोल जातो तेव्हा समोर एका जागी नजर लावून ठेवायची, असं डॉक्टरांनी शिकवलंय. मी मकबूलेच्या धुराड्यावर नजर लावली. तोंडात अजून दोन फोड होते, बोटं घातली तर आग झाली. तरी घातली आणि वाजवली. स्वतःची शीळ मला नीट ऐकू येत नाही, पण ओठांना आणि बोटांना ती पाठ आहे. सगळ्या दरीला सांगितलं, "मी नाझमिये. माझा अबोला नाही. कानाच्या नसा सुजल्या. डावा कान मेला, उजवा अर्धा आहे. मकबूले, पोती मी मुद्दाम पाडली नाहीत, तुझी शीळ मला आलीच नाही. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने पायाने चालत यावं. मी इथेच आहे आणि इथून हलणार नाही."

मग उभी राहिले. कोणी उत्तर दिलं की नाही, मला काय कळणार! दरी माझ्यापुढे नुसती चित्रासारखी. तेवढा वेळ मला फार एकटं वाटलं, तुला खरं सांगते. पडदे आठवले तुझे.

घरी येऊन चहा ठेवला. बऱ्याच वेळाने गाय दाराकडे बघायला लागली म्हणून मी पाहिलं, तर खालच्या वाटेने मकबूले येत होती. अगं, दरी उतरून, ओढा ओलांडून, चढ चढून! त्या वाटेने तरुण माणसं धापा टाकतात. साठी उलटलेली ती बाई, डोक्याचं फडकं मानेवर घसरलेलं, तोंड लालबुंद, घोट्यापर्यंत चिखल. आली आणि माझ्या पायरीवर धपकन बसली. दम लागलेला, बोलता येईना. मी पाणी दिलं. प्यायली. मग माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि उजव्या कानाजवळ ओरडली,

"मी सहा महिने शिव्या घातल्या, टवळे! सहा महिने! आणि तुला एकही ऐकू आली नाही?"

मी म्हटलं, "एकही नाही, काकू."

"सगळ्या वाया गेल्या?"

"सगळ्या."

"मग आता बस," म्हणाली. आणि पेरिहान, तिने सुरुवात केली. माझी चाल, माझी गाय, माझा स्वयंपाक, फुलाफुलांच्या कापडाचा माझा झगा. त्यात एकदा दुर्सुनचं नाव आलं आणि तिचा आवाज फाटला. मग थांबली आणि माझा हात धरून बसली. म्हणाली, "मुद्दाम केलंस असं वाटलं म्हणून मी रडले गं. हेझलनटसाठी नाही." मीही रडले. दोघी तशाच बसलो आणि चहा उकळून काळा झाला.

मग उठली, मला ओढत चाकापाशी नेलं. तारेवर माझा पंजा ठेवला, खाली पडलेली काठी उचलून जरा लांब खांबापाशी गेली आणि तारेवर हाणली. पेरिहान, तळहातात झिणझिण! ठोका थेट खांद्यापर्यंत आला. मकबूले म्हणाली, "मी पलीकडून लोखंडी पहारेने मारीन. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तारेवरचा हात काढायचा नाही, नाहीतर हातच तोडीन."

मुख्तार आला, त्याच्यामागे जावई. मुख्तार म्हणाला, असं कसं चालेल? मकबूले म्हणाली, "आधी दगड भरून पाठवते, दहादा पाठवते. एकदा जरी चुकली तर कुलूप घाल. पण तुझ्या जावयाला मी शिव्या घालू शकत नाही, त्याची आई माझी मैत्रीण आहे. मला चाकावर हीच पाहिजे." मुख्ताराने कुलूप काढलं, मकबूले पुन्हा दरी उतरून पलीकडे गेली आणि तिने सगळ्यांदेखत दगड पाठवले. मी डोळे मिटले, डावा हात तारेवर, उजवा दांड्यावर. दोन ठोके, ओढलं. एक, थांबले. पाळणा खांबापासून हातभर लांब उभा राहिला, दर वेळी. मुख्ताराने किल्ली माझ्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवून गेला. मी उचलली.

आज मक्याची पोती आली. पाच खेपा झाल्या, सगळं सुरळीत. सहावी खेप उतरवून मी हात काढणार, तर तळहातात ठोका आला. एक. दोन. आणि मग तिसरा. तीनचं काही ठरलेलं नव्हतं. मी समोर पाहिलं. मकबूले पहार घेऊन कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते. तेव्हा मला कळलं, तिसरा ठोका म्हणजे शिवी.

मी तोंडात बोटं घातली आणि तिला शिळेतच उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही, तुझं पत्र रिफ्कीही वाचतो.

पडदे राहू देत. हेझलनटच्या दिवसांत तूच ये. येताना माझ्या गोळ्या आण, इथल्या दुकानात मिळत नाहीत. आणि दरीपलीकडे उतर, मकबूलेच्या बाजूला. आधी तिच्या घरी चहा घे, मग तारेवर ठोके दे, मी ओळखीन.

तुझी नाझमिये